सहल वॉटर पार्कला की भीमाशंकरला?

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत सहलीचा विषय निघतो. वर्गात विचारलं, "कुठे जायचं?" की एका सुरात उत्तर येतं, "वॉटर पार्क!" मुलांची काही चूक नाही. चाकण-भोसरीकडे वाढणाऱ्या मुलांनी कंपन्यांच्या भिंती आणि कंटेनरच्या रांगाच जास्त पाहिल्यात. पण माझं स्पष्ट मत आहे की यंदा सहल भीमाशंकरला न्यावी.

चाकण ज्या खेड तालुक्यात येतं, त्याच तालुक्याच्या पश्चिमेला आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यात हे अभयारण्य आहे. १९८५ साली ते घोषित झालं. क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर. आपला राज्यप्राणी शेकरू इथे दिसतो. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, या झाडावरून त्या झाडावर उड्या मारत फिरतो. म्हणजे झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या हव्यात. मधली चार झाडं तोडली की त्याचा रस्ताच बंद! हा धडा पुस्तकातून शिकवायला तास लागतो, तिथे मान वर केली की पाच मिनिटांत कळतो.

दुसरं कारण नदीचं. भीमा इथे उगम पावते आणि राजगुरुनगरवरून पुढे जाते. आपल्या पट्ट्यातली इंद्रायणी तुळापूरला तिला मिळते. आळंदीत इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस मुलांनी पाहिलेला असतो. आता त्यांनी उगमाजवळचं पाणीही पाहू द्या. दोन्ही पाहिल्यावर, मधे काय घडलं हा प्रश्न मुलं आपणहून विचारतील.

तिसरं कारण माणसांचं. या डोंगरात महादेव कोळी समाज पिढ्यान् पिढ्या राहतो. हिरडा गोळा करून विकणं हा त्यांच्या उत्पन्नाचा एक आधार. देवराईतलं झाड तोडायचं नाही, हा नियम अभयारण्याच्या कायद्याच्या कितीतरी आधीचा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचं महत्त्व दाखवून दिलं. आज मात्र जंगल राखणाऱ्यांनाच जळणाच्या मोळीसाठी नियम सांगितले जातात आणि आपण शहरवाले वेफर्सची पाकिटं टाकून निघून येतो. हे बरोबर आहे का?

काही पालक म्हणतात, "सर, देवदर्शन तर आम्हीच करवून आणतो." दर्शन जरूर घ्यावं. पण दर्शन, फोटो आणि परत बस, एवढ्याने सहल होत नाही. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीची गर्दी टाळावी. वनखात्याचे नियम आधी समजून घ्यावेत. गावातलाच एखादा वाटाड्या सोबत घ्यावा, जेवण गावातल्याच घरी पिठलं-भाकरीचं सांगावं. म्हणजे दोन पैसे तिथे राहतात आणि मुलांच्या गप्पाही होतात. कचरा आपल्याच पिशवीत परत आणावा.

यातली बरीच मुलं उद्या याच पट्ट्यातल्या कंपन्यांत कामाला लागतील. सांडपाणी कुठे सोडायचं, हे त्यांच्यातलाच कुणीतरी ठरवेल. त्या वेळी त्याला भीमेचा उगम आठवला, तर सहल सार्थकी लागली म्हणायची.