पाण्याबद्दल विचारा

17 जुलै 2025 रोजी विधान भवनाच्या लॉबीत आमदार जितेंद्र आव्हाड आणि गोपीचंद पडळकर यांचे समर्थक हातघाईवर आले. त्याआधी शेरेबाजी झाली, शिवीगाळही झाली. याच विधानसभेत सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याने गणपतराव देशमुखांना 11 वेळा पाठवले. बहुतेक काळ ते विरोधी बाकांवर होते. पण त्यांचा आग्रह टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याचा, दुष्काळी शिवाराचा. कुणाची उणीदुणी काढायला त्यांना सांगोलेकरांनी निवडले नव्हते.

सोलापुरात आजही नळाला पाणी येण्याच्या दिवशी घरातले कुणीतरी पहाटेपासून पिंप, हंडे, कळशा मांडून बसते. शहराला पाणी देणारे उजनी धरण शंभरेक किलोमीटरवर आहे. तिथून आणलेल्या समांतर जलवाहिनीवर किती खर्च झाला, घरोघरी रोज पाणी कधी येणार? आमदारांनो, मंत्र्यांना हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.