सेलेनियमची गोळी आणि ताटातील गहू

ग्रेव्ह्ज या विकाराने अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, बिघडली की त्याची झळ पुष्कळदा डोळ्यांना लागते. डोळे पुढे आल्यासारखे दिसतात, पापण्या वर ओढल्या जातात, वाळू गेल्यासारखे खुपते. विकार बळावल्यास एकाचे दोन दिसू लागतात. दिवसभर वह्या तपासणाऱ्या अथवा खतावणीत डोके घालून बसणाऱ्या माणसाची यात काय अवस्था होत असेल, हे सांगावयास नको. असा रुग्ण चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या सेलेनियमच्या गोळ्यांकडे वळला, तर त्याला दोष देता येणार नाही.

या गोळ्यांना शास्त्राचा आधार नाही, असेही नव्हे. आधार आहे, परंतु तो कोणत्या भूमीवर उभा आहे, हे पाहिले पाहिजे. २०११ साली युरोपातील तज्ज्ञांनी सौम्य नेत्रविकाराच्या १५९ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. दररोज २०० मायक्रोग्रॅम सोडियम सेलेनाइट सहा महिने घेणाऱ्यांपैकी ६१ टक्क्यांचे डोळे सुधारले. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३६ टक्के होते. लाभ लहान नाही. मात्र हे रुग्ण बहुतांशी अशा प्रदेशातील होते, की जेथील मातीत, म्हणून अन्नातही, सेलेनियम तुटपुंजे असते. शिवाय प्रयोगापूर्वी त्यांच्या रक्तातील सेलेनियम मोजलेलेच नव्हते. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेतही हा उपाय नुकत्याच उद्भवलेल्या सौम्य विकारापुरता, सहा महिन्यांसाठी आणि विशेषेकरून सेलेनियम-न्यून प्रदेशांकरिता सुचविला आहे. बाटलीवरील चिठ्ठीत ही भूगोलाची अट येत नाही.

घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो. येथे तर उपयोगिता शून्यापाशी थांबत नाही. ती ऋण होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढाची दैनंदिन गरज ४० मायक्रोग्रॅम मानली आहे. प्रयोगातील मात्रा त्याहून बरीच अधिक होती. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली, आहार धरून, २५५ ही कमाल मर्यादा ठरविली. म्हणजे २०० मायक्रोग्रॅम सेलेनियमची गोळी घेणाऱ्याने जेवणातून किती घ्यावयाचे, तर अवघे पंचावन्न!

आणि जेवणातून किती मिळते, हे आपल्याकडे कोणी सांगावे? पंजाबात होशियारपूर व नवांशहर या भागांतील काही जमिनी सेलेनियमने इतक्या संपृक्त आहेत, की तेथील चाऱ्याने गुरांचे खूर झडतात. २०२४ च्या डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसरात शेकडो माणसांचे केस अकस्मात गळू लागले, तेव्हा महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासाअंती शिधावाटप दुकानांतून आलेल्या पंजाबच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखविले. धान्य एका प्रांतात पिकते नि हजार मैलांवर शिजते. गावची माती पाहून गावकऱ्याच्या ताटाचा अंदाज बांधण्याचे दिवस गेले.

फिनलंडने वेगळा मार्ग धरला. देशाच्या मातीत न्यूनता आहे, हे मोजून तेथील शासनाने १९८४ साली रासायनिक खतांतच सेलेनियम मिसळण्याचे ठरविले, आणि पुढे मोजणी चालू ठेवून प्रमाण कमीअधिक केले. आधी मोजणी, मग मात्रा. आपल्याकडे मात्रा दुकानात तयार आहे. मोजणीचा मात्र पत्ता नाही.

जाता जाता एक. या नेत्रविकाराला धूम्रपान निश्चितपणे बळावते, आणि ते सोडावयास दमडी लागत नाही. त्यावर कोणाला नफा होत नाही, म्हणूनच की काय, त्याचा गाजावाजाही फारसा होत नाही.

रुग्णाने अवटूतज्ज्ञाचा सल्ला घेतल्यावाचून आणि शक्य तर रक्तातील सेलेनियम तपासल्यावाचून ही गोळी सुरू करू नये. शासनाने शिधावाटपाच्या गव्हाची सेलेनियम-तपासणी गोदामातच करावी व तिचे आकडे जिल्हावार प्रसिद्ध करावेत. ते हाती असले, तर डॉक्टरलाही समोरच्या रुग्णाला गोळी द्यावी की नाकारावी, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.