सुया टोचा, पण थापा मारू नका!

आमची आत्या कराडला शनिवार पेठेत राहते. गेली अकरा वर्षं तिची कंबर दुखतेय. एक्स-रे झाले, एमआरआय झाला, पट्टा झाला, लेप झाले. "वय झालं आता, चालायचंच" हे ऐकून ती इतकी विटली होती की दवाखान्याचं नाव काढलं तरी चिडायची. मग शेजारणीच्या सांगण्यावरून ॲक्युपंक्चरला जायला लागली. दहा वेळा सुया टोचून घेतल्या आणि चक्क संध्याकाळची चालत प्रीतिसंगमावर जाऊन बसायला लागली! फोनवर तिचा आवाजच बदलला होता. आम्ही सगळे खूश.

नंतर कळलं, की त्या टोचणाऱ्या गृहस्थांनी "आता गोळ्या कशाला, सुया सगळं बघतील" असं सांगितलं होतं आणि आत्याने डायबेटिसच्या गोळ्या दीड महिना बंद ठेवल्या होत्या. चक्कर येऊन पडली तेव्हा साखर चारशेच्या वर. तीन दिवस ॲडमिट.

तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो, सगळं थोतांड. दुसरा म्हणतो, गुण आला ना, मग? मला दोन्ही पटत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी गुणाचं बोलू. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर केलेली एक चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला ठरलेल्या बिंदूंवर सुया. दुसऱ्याला भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या. तिसऱ्याला नेहमीचे उपचार, म्हणजे औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी फरक पडलेले अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के.

थोतांड म्हणणाऱ्यांनी शेवटचा आकडा बघावा. आणि ऊर्जावाहिन्यांचे तक्ते भिंतीवर लावणाऱ्यांनी पहिले दोन! सुई भलतीकडे टोचली तरी जवळजवळ तेवढाच गुण येत असेल, तर तक्त्याचा उपयोग काय?

मग आराम कशाने पडतो? आत्याचंच ऐका. "अरे, तिथं अर्धा तास निवांत पडायला मिळतं. रात्री झोप लागली का, विचारतात. इकडं डॉक्टर कागदातनं मान वर काढत नाहीत." जुनं दुखणं नुसतं मणक्यात नसतं. भीती, जागरण, कुणी ऐकत नाही ही भावना, या सगळ्याने ते वाढतं. आत्याचा आराम खोटा नाही. त्याला दिलेलं कारण खोटं आहे. आणि त्या खोट्या कारणातूनच "सुया सगळं बघतील" ही थाप निघते.

त्या खोलीत डॉ. कोटणीसांचा फोटो आहे म्हणे. आपल्या सोलापूरचे कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते, जखमी सैनिकांवर. ॲक्युपंक्चर भारतात आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी, १९५९ मध्ये, कलकत्त्याला. कोटणीसांच्या फोटोखाली बसून म्हातारीच्या गोळ्या बंद करायच्या, याला काय म्हणावं?

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे. तेव्हा नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. दुखण्यावर सुया घ्या, पण चालू असलेलं औषध तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. आणि डॉक्टरसाहेब, हसण्याआधी तुमचा पेशंट तिकडे का गेला, ते एकदा त्यालाच विचारा.

आत्या, तू हे वाचणार आणि मला फोन करून झापणार, माहीत आहे. सुयांना जा, माझी ना नाही. फक्त जाताना पर्समध्ये गोळ्यांची डबी ठेव.