समुद्र मुलींचाही आहे

माझे वडील रापण ओढतात, आई मासळी विकते. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. समुद्राकाठी जन्म काढूनही आईला पोहता येत नाही. ‘मुलीच्या जातीने पाण्यात उतरू नये’ हा आमच्याकडचा शिरस्ता!

२९ सप्टेंबर १९५९ रोजी आरती साहा यांनी इंग्लिश खाडी पोहून पार केली. हा पराक्रम करणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला. महिन्यापूर्वीचा प्रयत्न फसला होता. तरी त्या पुन्हा उतरल्या आणि थंडगार पाण्यात १६ तास २० मिनिटे पोहल्या. त्यांचे वय तेव्हा होते १९, म्हणजे आज माझे आहे तेवढेच.

समुद्र धोक्याचा, हे खरे. म्हणून तर शिकायला हवे! आत ओढणाऱ्या प्रवाहाशी झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावे, एवढे तरी किती जणींना ठाऊक आहे?

आपल्या जिमखान्यात कॅरम आहे, टेबलटेनिस आहे. पावसाळा सरला, स्वच्छ ऊन पडले की जाणकारांच्या देखरेखीखाली, सोबत होडी ठेवून, मुलींसाठी समुद्रात पोहण्याचा वर्ग का काढू नये? प्रश्न पदकांचा नाही. ज्या समुद्रावर आमची चूल पेटते, त्याचीच भीती बाळगत आम्ही आणखी किती पिढ्या काढायच्या?