शून्य ओळींचा पुरावा

‘या कादंबरीत पाणी हा शब्द एकदाही येत नाही’ असे विधान ‘संगणकाने सिद्ध झाले’ म्हणून प्रबंधात मांडले जाते, तेव्हा हसावे की रडावे कळत नाही.

ग्रेप ही केन थॉम्पसन यांची १९७३ सालची युनिक्स आज्ञा. दिलेली अक्षरे ज्या ओळीत असतील ती ओळ ती वेचून देते. अर्थ कळतो असा तिचा दावा नाही. दोष आपला. मराठी नाम प्रत्ययापूर्वी सामान्यरूप घेते; ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्यात’ सापडणार कसे? ‘ॲ’ला युनिकोडात स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली; ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेले जुने रूप डोळ्यांना तेच, आज्ञेला निराळे. तिचा मोजणीचा पर्यायही शब्द नव्हे, ओळी मोजतो. एका ओळीत तीनदा आलेला शब्द एकदाच धरला जातो.

‘मग हे यंत्रच नको’ म्हणणारे सहकारीही तितकेच आळशी. ‘पाण’ एवढेच शोधा. ‘पाण्यात’ मिळेल, सोबत ‘पाणिनी’ही येईल. त्याला बाजूला काढायला व्याकरण आणि वाचन लागते. सामान्यरूप शिकवण्याचा ज्यांना कंटाळा, त्या मराठी विभागांनी निदान आकड्यांच्या जोरावर बोलू नये.