अर्ध्या किमतीची गाडी, पुऱ्या किमतीचे सुटे भाग



लग्नसराई जवळ आली की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. "नव्या होंडा सिटीच्या पैशात जुनी मर्सिडीज येते, मग नवी गाडी घ्यायचीच कशाला?" पुरुषमंडळी हे वाक्य अशा थाटात म्हणतात की जणू बाजारात त्यांनाच काहीतरी गवसले आहे. वाक्य खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे पुढच्या पाच वर्षांत गॅरेजच्या बिलांवर लिहिलेले असते, आणि ती बिले भरताना घरातल्या बाईचे व्याज, तिची एफ.डी., तिची भिशी कामाला येते. म्हणून हा विषय मी आज घेतला. गाड्यांचे मला वेड नाही. जमाखर्चाचे मात्र आहे.

आधी हे सांगते की मी जुन्या गाडीच्या विरोधात नाही. उलट वाणिज्य शाखेत शिकलेल्या कुणालाही हा सौदा चांगला वाटेल. मोटारीवर सगळ्यात मोठा खर्च पेट्रोलचा नसतो, घसाऱ्याचा असतो. आयकरात मोटारीला साधारण १५ टक्के घसारा धरतात, तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. ३६ लाखांची गाडी या हिशोबाने ५ वर्षांनी पुस्तकात १६ लाखांच्या आसपास येते. बाजारभाव याहून कमीजास्त असेल, पण दिशा तीच. म्हणजे २० लाख पहिल्या मालकाने सोसले. बऱ्याचदा तो मालक म्हणजे एखादी कंपनी असते. तिने घसारा खर्चात दाखवून करही वाचवलेला असतो. आपण तिसऱ्या-चौथ्या वर्षांनंतर गेलो तर तो मोठा खड्डा आपल्याला लागत नाही. इथपर्यंत नवऱ्याचे म्हणणे बरोबर.

आता पुढचे. गाडीची किंमत निम्मी झाली म्हणून तिच्या हेडलाइटची किंमत निम्मी होत नाही. गिअरबॉक्स, सस्पेन्शन, ए.सी.चा कॉम्प्रेसर हे सगळे आजही ५०-६० लाखांच्या गाडीच्या भावानेच मिळते. आणि जुन्या गाडीला तेच आधी लागते. विमाही इथे हात आखडता घेतो. रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांवर विमा कंपनी ५० टक्के घसारा कापते. गाडी ५ वर्षांच्या पुढे गेली की धातूच्या भागांवरही ४० टक्के, १० वर्षांच्या पुढे ५० टक्के. हा घसारा वाचवणारी 'झीरो डेप' नावाची जोड बहुतेक ठिकाणी जुन्या गाडीला मिळतच नाही. शिवाय नो क्लेम बोनस हा मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. विकणाऱ्याला ५० टक्के सूट मिळत होती म्हणून आपल्यालाही तेवढाच हप्ता येईल असे समजू नका.

माझ्या नात्यातल्या एका घराचे सांगते. मुलाच्या लग्नाच्या वर्षी सात वर्षांची एक जर्मन सेडान घेतली. रंग काळा, आत मंद दिवे, दारात उभी राहिली की गल्ली बघायची. आठव्या महिन्यात गिअर अडकायला लागले. वर्कशॉपने सांगितले, दुरुस्ती होणार नाही, अख्खा भाग बदलावा लागेल. आकडा गाडीच्या किमतीच्या जवळजवळ तिसरा हिस्सा होता. गाडी घेताना नव्या सुनेला कुणी एक शब्द विचारला नव्हता. बिल आले तेव्हा मात्र तिच्या माहेरहून आलेल्या पैशांची एफ.डी. मोडली गेली. तिने हूं की चूं केले नाही. मला राग येतो तो याच गोष्टीचा. गाडी बिघडणे हे यंत्राचे झाले. पण खर्चाची तरतूद न करता खरेदी करायची आणि वेळ आली की बाईच्या ठेवीकडे बघायचे, याला मी व्यवहार म्हणत नाही.

आणि तो बिघाड अगदीच अनपेक्षित होता असेही नाही. बऱ्याच बी.एम.डब्ल्यू., ऑडी गाड्यांमध्ये झेड.एफ. या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. गाडीच्या माहितीपुस्तकात त्याचे तेल 'आयुष्यभराचे' म्हटलेले असते, पण गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला असे सांगते. फोक्सवॅगन-स्कोडाच्या तेलात बुडालेल्या क्लचच्या डी.एस.जी.ला साधारण ६० हजारांवर तेल बदलावे लागते. पहिल्या मालकाने, विशेषतः जो तीन वर्षांत गाडी विकणारच होता त्याने, हा खर्च का करावा? तो खर्च आपल्यासाठी ठेवलेला असतो. म्हणून "सर्व्हिस झाली आहे का?" हा प्रश्न विचारून उपयोग नाही. "गिअरबॉक्सचे तेल कोणत्या किलोमीटरला बदलले, बिल दाखवा" असे विचारावे. चासी नंबर दिला की अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे त्या गाडीची जुनी नोंद सापडते. त्या नोंदीतले किलोमीटर आणि समोरच्या मीटरवरचे किलोमीटर जुळतात का ते बघा. मीटर मागे फिरवणारे आपल्याकडे कमी नाहीत.

तुम्ही विचाराल, मग घ्यायची तरी कोणती? माझे मत स्पष्ट आहे. आईवडिलांना आरामात बसता यावे, लांबच्या प्रवासात पाठ धरू नये आणि गाडीने घराला वेठीस धरू नये, एवढेच हवे असेल तर टोयोटाची कॅमरी हायब्रिड बघा. ती २०१३ पासून आपल्याकडे बंगळूरजवळच्या बिडदीत तयार होते. २०१९ च्या जानेवारीत नवी पिढी आली तेव्हा शोरूमची किंमत सुमारे ३७ लाख होती. तिच्याकडे बघून गल्ली थांबत नाही, हा तिचा दोष असेल तर असो. तिच्या यंत्रात क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, आणि जे नाहीच ते बिघडत नाही. उतारावर आणि ब्रेक लावताना मोटर वीज परत बॅटरीत भरते, त्यामुळे ब्रेकचे पॅडही सावकाश झिजतात.

भीती असते ती मोठ्या बॅटरीची. ती भीती अगदीच पोकळ नाही. कंपनी आता हायब्रिड बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देते, पण तुम्ही घेत असलेल्या गाडीला तिच्या खरेदीच्या तारखेनुसार कोणती हमी लागू आहे हे लेखी विचारून घ्या. सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरीची तपासणी करता येते, ती केल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि एक घरगुती गोष्ट. या बॅटरीला थंड हवा लागते, त्यासाठी मागच्या सीटच्या भागात जाळी असते. आपण तिथे चादर टाकतो, पिशव्या ठेवतो, शेव-चिवड्याचे डबे कोंबतो. जाळी बंद झाली की बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते. तिथली धूळ सर्व्हिसच्या वेळी काढून घ्यायची. हे काम सांगायला मेकॅनिक विसरतो, आपण विसरायचे नाही.

डिझेलचा मोह असेल तर आपले फिरणे आधी बघा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बी.एस. ६ डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून महामार्गावर सलग धावावी लागते. मंदिर, मंडई, नातवाची शाळा असे रोज तीन-चार किलोमीटर फिरणाऱ्या घरात ती गाळणी तुंबते आणि मग पुन्हा वर्कशॉप. अशा घराने कितीही स्वस्त मिळाली तरी डिझेल सेडान घेऊ नये. दिल्लीकडच्या डिझेल गाड्या तर स्वस्तच असतात, कारण तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले. पण इकडे आणायची तर तिथल्या आर.टी.ओ.ची एन.ओ.सी., इथली नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. हे सगळे बेरजेत धरले की स्वस्ताई बरीचशी विरघळते.

आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या मैत्रिणींना पुराचे वेगळे सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरात किती गाड्या बुडाल्या ते आपण डोळ्यांनी पाहिले. त्यातल्या कितीतरी धुऊनपुसून, सुगंध मारून दुसऱ्या गावी विकल्या गेल्या असणार. ओळखायची रीत सोपी आहे, तिला मेकॅनिक लागत नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते. डिकीतले स्टेपनीचे झाकण उचलून कोपऱ्यात बोट फिरवा. पुढच्या सीटखालचे गज गंजलेत का बघा. कोंदट वास सुगंधाखालीही आपल्याला कळतो, धान्याच्या डब्याचा कळतो तसाच. या महागड्या गाड्यांत ठिकठिकाणी छोटे संगणक असतात आणि एकदा पाणी शिरले की ते एकेक करून दगा देतात. अशी गाडी फुकट मिळाली तरी महाग.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसत असली तरी सहा-सात वर्षांचे टायर बदलायचेच समजा आणि ते किमतीतून वजा करून मागा. बऱ्याच जर्मन गाड्यांना पंक्चर होऊनही चालणारे 'रन फ्लॅट' टायर असतात आणि स्टेपनी नसते. चार टायरचा भाव दुकानात आधी विचारून या, म्हणजे घासाघीस करताना बोलता येते.

कागदांचे काम मी तरी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही. आर.सी.वर बँकेचा बोजा आहे का, चलने थकली आहेत का हे परिवहनच्या साइटवर दिसते. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एन.ओ.सी., हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज द्यायचा. डीलर जी.एस.टी.चे नाव सांगून पूर्ण किमतीवर १८ टक्के मागत असेल तर थांबा. जुन्या गाडीवर तो कर साधारणपणे त्याच्या नफ्याच्या फरकावर असतो, अख्ख्या किमतीवर नाही.

आणि तरतूद. माझा आडाखा असा की गाडीला १६ लाख देणार असाल तर आणखी ३ लाख बाजूला ठेवता यायला हवेत, आणि शिवाय दरमहा १० हजारांची आर.डी. गाडीच्या नावाने सुरू व्हायला हवी. पहिल्या वर्षी सगळी तेले, ब्रेक फ्लुइड, बॅटरी, टायर यांत बरेच जाते. नाही गेले तर आर.डी. आपलीच आहे. हे ३ लाख आज काढता येत नसतील तर १६ लाखांची गाडी आपल्याला परवडत नाही, १२ लाखांची नवी छोटी गाडी परवडते. हे वाक्य घरात बोलायला जड जाते, कारण त्यात प्रतिष्ठेचा प्रश्न येतो. पण बोलायचे ते खरेदीच्या आधी. नंतर बोललो तर तो टोमणा होतो.

चामड्याच्या सीटबद्दल बऱ्याच जणी विचारतात. 'लेदर' म्हटले की खरेच चामडे असते असे नाही. मर्सिडीजचे 'आर्टिको' आणि बी.एम.डब्ल्यू.चे 'सेन्साटेक' हे कृत्रिम आहेत. मात्र सीट कृत्रिम असल्या तरी स्टिअरिंगवर आणि गिअरच्या मुठीवर खरे चामडे असू शकते, तेव्हा त्या मॉडेलची माहितीपत्रिका काढून वाचा. "जुनीच तर घेतोय, ती हिंसा पहिल्या मालकाची" हा युक्तिवाद आमच्याही घरात झाला. मला तो पटत नाही. पहिला मालक नवी गाडी घेतो तेव्हा ती पुढे कितीला विकली जाईल हे धरूनच घेतो, म्हणजे आपले पैसे त्याच्या हिशोबात आधीच जमा असतात. ज्यांना चालते त्यांना मी नावे ठेवत नाही. मी कापडी किंवा कृत्रिम सीटचीच गाडी बघेन.

उंदरांचेही तसेच. उभ्या गाडीच्या वायरी ते कुरतडतात आणि या गाड्यांत वायरिंगचे बिल हजारांत थांबत नाही. विषाच्या गोळ्या किंवा चिकट पुठ्ठे नकोत. खालून बारीक जाळी बसवून मिळते, गाडीत खाण्याचा कण ठेवायचा नाही आणि दोन दिवसांआड गाडी बाहेर काढायची. सनरूफ असेल तर मे महिन्यातच तिच्या कोपऱ्यांतल्या पाणी जायच्या नळ्या साफ करून घ्या. त्या पानांनी तुंबल्या की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी छतातून पायाखालच्या गालिच्यात उतरते.