निषिद्ध गोळा

चैत्र संपून वैशाख लागला, कीं साताऱ्याच्या आमच्या घराची ओसरी दुपारीं बारापासून चारपर्यंत निरुपयोगी होते. कालिदासानें ‘ऋतुसंहारा’चा आरंभ वसंतापासून न करतां ग्रीष्मापासून कां केला, असा प्रश्न मीं वर्गांत पुष्कळदां विचारला असेल. मुलांना उत्तर येत नसे, आणि खरें सांगावयाचें तर मलाहि येत नसे. हल्लीं वाटतें, कीं जें दुःसह तें आधीं सांगून मोकळें व्हावें, एवढाच त्याचा हेतु असावा.

यंदा मे महिन्यांत आम्ही सर्व मंडळी सांगलीस धाकट्या भावाकडे जमलों होतों. सांगलीचा उन्हाळा साताऱ्याहून कडक. सातारा अजिंक्यताऱ्याच्या कुशींत, जरा उंचावर. सांगली कृष्णाकांठीं, सखल. पारा चाळिसाच्या वर गेला म्हणजे रात्रीं भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. पन्हें झालें, कैरीची डाळ झाली, ताकाचे हंडे रिकामे झाले, तरी पोरांचें समाधान होईना. अशा एका दुपारीं थोरल्या बंधूंच्या नातीनें जाहीर केलें, “आज मी सगळ्यांना हालो-हालो करून घालणार!”

ही मुलगी फिलिपाईन्समधील दावाव येथें वैद्यकाचा अभ्यास करते. आपल्याकडील पुष्कळ मुलेंमुली त्या विद्येसाठीं हल्लीं तिकडे जातात. त्या बेटांवर आपल्यासारखा हिंवाळा असा नाहींच. तेव्हां गार खाण्याची हौस बारमाही. दुपारच्या खाण्याला तेथें ‘मेरिएन्दा’ म्हणतात. हा शब्द स्पॅनिश राज्यकर्ते मागें ठेवून गेले. हालो-हालो हा त्या वेळचा लाडका पदार्थ. ‘हालो’ म्हणजे मिसळणें. “म्हणजे आपली मिसळच कीं!” असें मी म्हणालों, तेव्हां ती हंसली, पण उंच पेल्यांत खिसलेला बर्फ, खालीं साखरेंत शिजविलेलीं कडधान्यें, केळें, फणसाचे गरे, नारळ, चिनी गवताची थिजविलेली खीर, वरून आटीव दूध, जांभळ्या कंदाचा मुरंबा, आणि शिरोभागीं भाजलेले पोहे, असें वर्णन तिनें सुरू केलें तेव्हां माझी उपमा फारशी चुकली नव्हती, हें सर्वांनीं कबूल केलें.

अडचण एकच होती. आमच्या कुटुंबांत बर्फ खाण्यास मज्जाव आहे.

वाचकांस हें विचित्र वाटेल. घरांत फ्रीज आहे, त्यांत बर्फहि होतो. पण तो मुरगळलेल्या पायावर ठेवण्यासाठीं. पोटांत जावयाचा नाहीं, आणि बाजारचा गोळा तर चपलेनेंहि शिवावयाचा नाहीं, हा आमच्या मातोश्रींचा दंडक. त्या २००४ सालीं निवर्तल्या. दंडक वहिनींनीं पुढें चालविला. “कां पण, आजी?” असें नातीनें विचारतांच वहिनींनीं माझ्या धाकट्या भावाकडे बोट केलें. “विचार या आजोबांना. गोळ्यापायीं विषमज्वर झाला होता. जातां जातां राहिले.” धाकटा भाऊ नुसता हंसत होता. मी माझा चष्मा पुसूं लागलों.

येथें थोडें विषयांतर करतों. बर्फाशीं सामान्य माणसाची ओळख आपल्याकडे तशी अलीकडची. वाग्भटानें ‘अष्टांगहृदया’च्या ऋतुचर्येंत ग्रीष्मासाठीं साखर घातलेले सातू, मातीच्या नव्या भांड्यांत निवविलेलीं पानकें आणि चांदण्यांत ठेवून गार केलेलें म्हशीचें दूध सांगितलें आहे. आपलें पन्हें हें त्या ‘पानका’चेंच अपत्य. पुढें अकबर बादशहा लाहोरास असतां उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ आणवीत असे, पण तो बादशहा! व्यापारी माल म्हणून बर्फ आला तो थेट अमेरिकेहून. १८३३ सालीं बोस्टनहून ‘टस्कनी’ नांवाचें जहाज गोठलेल्या तळ्यांतील १८० टन बर्फ भुशांत दडपून निघालें, आणि चार महिन्यांनीं कलकत्त्यास लागलें तेव्हां त्यांतला सुमारें १०० टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षीं मुंबईस बर्फ पोंचला. जमशेटजी जिजीभाईंनीं मेजवानींत आइस्क्रीम वाढलें, तर यजमानांसह पाहुण्यांना पडसें झालें, आणि ‘मुंबई समाचारा’नें ती बातमी छापली. आमच्या मातोश्रींना ही कथा ठाऊक असती, तर त्यांनीं ती भिंतीवर लावून ठेवली असती. मद्रासेस १८४२ सालीं या बर्फासाठीं बांधलेली वखार अद्याप उभी आहे; १८९७ सालीं स्वामी विवेकानंद तेथें उतरले होते, म्हणून ती आज त्यांच्या नांवानें ओळखली जाते.

कारखान्यांतला बर्फ निघाल्यावर हा व्यापार बुडाला. मिठाच्या पाण्याच्या हौदांत पत्र्याचे साचे बुडवितात. मिठाचें पाणी शून्याखालीं गेलें तरी गोठत नाहीं, साच्यांतलें गोडें पाणी मात्र गोठून लादी होते. मनिलेस अमेरिकन सरकारनें असा कारखाना १९०२ सालीं घातला. तेथें गोड कडधान्यावर बर्फ घालून विकण्याचा धंदा जपानी दुकानदारांनीं दुसऱ्या महायुद्धापूर्वीं सुरू केला, आणि त्यांतून हा हालो-हालो वाढला, असें सांगतात. जपान्यांची ही आवड जुनी आहे. हजार वर्षांपूर्वींच्या सेई शोनागोन या विदुषीनें मनोहर वस्तूंच्या यादींत गोड रस घातलेल्या खिसलेल्या बर्फाला स्थान दिलें आहे. आपल्याकडे त्या लादीवर सुताराच्या रंध्यासारखें पातें फिरलें, आणि गोळा जन्मास आला.

पण मातोश्रींचा दंडक अगदींच निराधार होता, असें म्हणवत नाहीं. थिजल्यानें सगळेच जंतु मरत नाहींत, कित्येक निजतात. मासळी किंवा औषधें गार ठेवण्यासाठीं केलेला बर्फ वाटेल त्या पाण्याचा असतो, आणि तोच गाड्यांवर जाई. म्हणून २०१८ सालीं महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानें असा बर्फ निळा रंगविण्याचा आदेश काढला. निळा दिसला कीं माघारें फिरावें. पांढरा दिसला म्हणून मात्र लगेच विश्वास टाकूं नये.

आतां मूळ गोष्ट. १९६९ सालच्या उन्हाळ्यांत मी दहा वर्षांचा होतों, धाकटा सात वर्षांचा. आईनें भाजीस पाठविलें होतें. भाजीवालीनें उरलेले पांच पैसे परत दिले. कोपऱ्यावर गोळ्याची गाडी होती. मीं एक गोळा घेतला, लाल रंगाचा. अर्धा मीं चोखला आणि उरलेला त्याच्या हातांत दिला, तो अशासाठीं, कीं त्यानें घरीं चहाडी करूं नये. बारा-पंधरा दिवसांनीं त्याला ताप चढला. क्लोरोमायसेटिनच्या गोळ्यांनीं जीव वांचला. पण डोकींतले केंस गेले आणि शाळेचें एक वर्ष गेलें. ताप गोळ्याचाच होता, असें मी आज छातीठोकपणें सांगणार नाहीं. मलाहि तोच बर्फ मिळाला होता, आणि त्या वर्षीं आमची विहीर तळाला गेलेली होती. परंतु घरांत खापर गोळ्यावर फुटलें, आणि गोळा कोठून आला हें मी बोललों नाहीं. पुढें छत्तीस वर्षें आरोग्याच्या तासाला उघड्यावरील बर्फाविरुद्ध मीं जें तावातावानें सांगितलें, त्याचें उगमस्थान मुलांना कधीं कळलें नाहीं.

असो. त्या दुपारीं नातीनें वहिनींच्या अटी मान्य केल्या. पाणी वीस मिनिटें उकळलें, गाळलें, स्टीलच्या डब्यांत घालून गोठविलें. बर्फ धुतलेल्या पंचांत बांधून थोरल्या बंधूंनीं स्वतः बत्त्यानें कुटला. बहात्तराव्या वर्षीं त्यांना इतका उत्साह मीं पाहिला नव्हता. कडधान्य म्हणून चवळी झाली. जांभळा कंद म्हणजे आपलें कोनफळ, तें वैशाखांत कोठून मिळणार? त्याऐवजीं तिनें आणलेल्या बाटलींतील मुरंबा घेतला. तिकडे अंड्याचा एक साखरी थर वर ठेवतात, तो आमच्याकडे चालणारा नव्हता, तर वहिनींनाच सुचलें, “खरवस ठेव कीं!” आणि खरवस त्या बर्फावर असा शोभला, कीं मनिलेकरांनीं येऊन शिकावें. धाकट्या भावानें मात्र भाजलेल्या पोह्यांऐवजीं मूठभर लसणीचें भडंग त्यावर पसरलें. सांगलीकरांच्या भडंगप्रीतीला सीमा असावी, असें माझें मत आहे.

पेला हातांत असतांना मीं पांच पैशांची गोष्ट सांगितली. सगळे गप्प झाले. भाऊ चमचा चाटीत म्हणाला, “भाऊ, गोळा माझ्या हातांत होता, मला ठाऊक कां नसणार? तापांत आईनें विचारलें होतें. मी म्हटलें, गाडीवाल्यानें फुकट दिला.”

“फुकट?”

“तुला मार बसला असता.”

तेव्हां मला आठवलें. आईनें त्या गाडीवाल्याला भर गल्लींत थांबवून, मुलांना फुकट विष वाटतोस काय, म्हणून वाटेल तें बोलून घेतलें होतें. तो नुसता उभा राहिला होता. त्यानंतर त्याची घंटा आमच्या आळींत ऐकूं आली नाहीं. त्याचें नांव आम्हां दोघांनाहि आठवेना. एका भावानें गप्प राहून आणि दुसऱ्यानें बोलून त्याचें गिऱ्हाईक घालविलें, एवढें खरें.

संध्याकाळीं ऊन उतरल्यावर दोघे फिरावयास निघालों. घाटाकडे वळण्याआधीं एक गाडी दिसली. मीं लादी नीट निरखून पाहिली, बर्फ कोठून आणतां हें विचारलें, पाण्याचें विचारलें; तो तरुण मुलगा न चिडतां उत्तरें देत होता. भावानें दोन काला खट्टा सांगितले. पैसे मीं दिले, उरलेले परत घेतले नाहींत. 

वहिनींना हें अद्याप सांगितलेलें नाहीं. हा अंक घरीं पोंचेल तेव्हां कळेलच.